लॉनमधली तपकिरी भूछत्रं: फोटोवरून ठरवू नका

लॉनमध्ये उगवलेल्या तपकिरी भूछत्रांचा फोटो टाकून ती विषारी आहेत का असं विचारलंय. पण फोटोत भूछत्राची टोपी (वरचा छत्रीसारखा भाग) फक्त वरून दिसतेय, त्यावरून "बिनविषारी असेल" म्हणणं मला अजिबात पटत नाही. एक टोपी कापून खालची पडद्यांची बाजू पांढऱ्या कागदावर टेकवा, वर ग्लास पालथा घाला, सकाळी बीजाणूंचा (भूछत्राच्या बियांसारख्या बारीक कणांचा) ठसा मिळेल. गडद काळपट तपकिरी आला तर लॉनमध्ये नेहमी उगवणारं पॅनिओलस नावाचं भूछत्र असू शकतं, पण गंजासारखा आला तर जास्त जपा, कारण गॅलेरिना आणि कोनोसायबी या भूछत्रांच्या काही जातींत अ‍ॅमाटॉक्सिन नावाचं विष असतं, जे शिजवूनही जात नाही आणि त्रास बहुतेक 6 ते 12 तासांनी सुरू होतो, मध्ये बरं वाटतं आणि आत लिव्हर खराब होत असतं. हात लागला तर घाबरू नका, धुतला की झालं. पण बाळाने तोंडात घातलं असेल तर उलटीची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा, उरलेलं भूछत्र कागदात गुंडाळून सोबत न्या, प्लास्टिकमध्ये ते सडतं.