मदत हवी आहे: बोटीला शिडी बसवायचीय

वल्हेकरी:
मंडळी जरा लवकर सांगा, शनिवारच्या आत उरकायचंय. आमच्या शिडाच्या बोटीला पाण्यातून वर यायला शिडी नाहीये. रविवारी पोहायला उडी मारली आणि परत चढताच येईना, हात काठावर पण पाय सारखे बोटीच्या पोटाखाली जायचे, शेवटी बायकोने दोरीला फास करून दिला, दुसरं टोक विंचला (शिडाच्या दोऱ्या ताणायच्या चरखीला) गुंडाळलं, त्यात पाय रोवून पोटावर सरपटत आलो. मांडी अजून काळीनिळी आहे. दोरीची घेऊ की स्टीलची? भोकं कुठे पाडू?

दर्या७:
बोट कुठली, इंजिन कुठे, सुकाणू कुठे, काहीच न सांगता भोकं कुठे म्हणे!

नानू_मालवण:
कशाला खर्च. आमच्याकडे होडीला टायर टांगतो, त्यात पाय टाकून पोरं टुणकन वर.

वल्हेकरी:
बोट साधीच आहे हो. कॅटलिना २२, १९८४ची, सेकंडहँड. सुकाणू मागे मधोमध, इंजिन त्याच्या डावीकडे. न्यू जर्सीत बार्नेगॅट बे. आता सांगा.

आगाऊ:
बार्नेगॅटला बऱ्याच ठिकाणी छातीएवढंच तर पाणी. उभे राहा की :)

वल्हेकरी:
राहिलो ना. चिखलात पोटरीपर्यंत गेलो.

झिम्मा:
तिथे उन्हाळ्यात जेलीफिश असतात ना? मुलीला मागे डंख झाला होता, काय लावावं?

दर्या७:
झिम्मा, वेगळा धागा काढा ना.
वल्हेकरी, मग उजवी बाजूच उरली. दोरीची नको, भार टाकला की तीही पोटाखाली सरकते, परत तुमचं रविवारचंच. घडीची स्टीलची घ्या, चार पायऱ्यांची. अमेरिकन मानकात खालची पायरी पाण्याखाली निदान २२ इंच सांगितलीय, तीनवाली सहसा तेवढी पोचत नाही, गुडघा छातीला लावून चढावं लागतं. पाण्यातल्या माणसाला खालून ओढून उघडता आली पाहिजे, दोरीचं टोक लोंबतं ठेवा. नाहीतर एकटे पडलात की शिडी वर आणि तुम्ही खाली. बोल्ट आरपार, आतून जाड पट्टी. आधी हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा, भद्द वाजलं तर आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं, मग तिथे शिडी नको, आधी दुरुस्ती.

फायबरवाला:
आणि भोकात ५२०० भरा, ते बोटीचं पक्कं चिकटणारं सीलंट, जन्मात गळणार नाही.

दर्या७:
जन्मात निघणारही नाही! ब्युटाइल टेप लावा, ती चिकट रबरी पट्टी, नंतर काढता तरी येते.

फायबरवाला:
माझं ९ वर्षं टिकलंय.

दर्या७:
काढून बघितलंत कधी?

वल्हेकरी:
भांडू नका हो. खरं तर मी कसाही चढेन, शिडी आईसाठी हवीय. शनिवारी नाशिकहून येतेय, ६८ वर्षांची आहे, लहानपणापासून गोदावरीत पोहलेली, पाणी दिसलं की उतरणारच. डावा गुडघा बदललाय.

दर्या७:
अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! मग पायऱ्या रुंद चपट्या बघा, नळीच्या अनवाणी तळव्याला रुततात. वर धरायला दोन्हीकडे हँडल. आणि आई पाण्यात असताना इंजिन बंद, स्टॉपची दोरी (ती काढली की इंजिन बंद पडतं) तुमच्या खिशात.

वल्हेकरी:
एक सांगायचं राहिलं. सेल होता म्हणून सोमवारीच एक मागवून ठेवली होती. आत्ता खोका उघडला. पायऱ्या तीन. नळीच्या.

नानू_मालवण:
टायर.