व्हेरा चास्लाव्स्का: मान वळवणारी बाई एवढीच तिची ओळख उरावी का?

तालीमप्रेमी (धागाकर्ता)
जिम्नॅस्ट चास्लाव्स्काचं नाव निघालं की एकच प्रसंग सांगितला जातो. मेक्सिको ऑलिंपिक, १९६८. सोव्हिएत राष्ट्रगीत सुरू झालं आणि या चेक बाईने मान खाली घालून उजवीकडे वळवली. प्रसंग मोठा आहेच, पण त्यापायी तिचा खेळ झाकला गेला याचं मला मनापासून वाईट वाटतं. सात ऑलिंपिक सुवर्णं, आणि सातही वैयक्तिक! अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचीही सातच आहेत, पण त्यांतली दोन सांघिक. १९६४ला टोकियोत तिने सोव्हिएत जिम्नॅस्ट लारिसा लातिनिनाला मागे टाकलं. १९६५ आणि १९६७च्या युरोपियन स्पर्धांत पाचपैकी पाच सुवर्णं नेली. मेक्सिकोत ती २६ वर्षांची होती. आठ वर्षांनी रोमानियाची चौदा वर्षांची नादिया कोमानेची आली आणि या खेळात मुलींचं राज्य सुरू झालं. पूर्ण वाढ झालेल्या स्त्रीची ती डौलदार, नृत्याच्या अंगाने जाणारी शैली पुन्हा तशी दिसली नाही. यावर कुणी का लिहीत नाही?

रानपाखरू
साफ असहमत. खेळ आणि भूमिका वेगळी काढताच येत नाही. जून १९६८मध्ये तिने लोकशाही सुधारणांची मागणी करणाऱ्या 'दोन हजार शब्द' या जाहीरनाम्यावर सही केली. ऑगस्टमध्ये या सुधारणा चिरडायला सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरल्यावर तिला मोरावियाच्या डोंगराळ भागात लपावं लागलं. ना कसरतीचे बार, ना तोल सांभाळायची बीम. झाडाच्या फांदीला लोंबकळून सराव, बटाट्याची पोती उचलून ताकद, हात राठ राहावेत म्हणून कोळसा उपसणं. तिथून थेट मेक्सिकोला जाऊन चार सुवर्णं आणि दोन रौप्य! हे निव्वळ 'खेळ' म्हणून कसं वाचायचं?

सरळरेघ
मी दोघांच्याही विरोधात आहे. फ्लोअरचं (जमिनीवरच्या कसरतींचं) सुवर्ण विभागून मिळालं होतं, सोव्हिएत लारिसा पेत्रिकबरोबर. पेत्रिक १९ वर्षांची. बीमचं सुवर्ण जिंकणारी सोव्हिएत कुचिन्स्काया, तीही १९ची. या पोरींनी रणगाडे पाठवले होते का? आयुष्यात एकदाच येणारा क्षण, आणि शेजारची स्पर्धक तुमच्या राष्ट्रगीताकडे पाठ फिरवल्यासारखी उभी. राग सरकारवर होता, पण डाग लागला तो त्या मुलींच्या क्षणाला.

रानपाखरू
@सरळरेघ, तिने पेत्रिककडे पाठ फिरवली नाही. एक शब्द उच्चारला नाही, पायरी सोडली नाही. राष्ट्रगीत संपेपर्यंत फक्त मान वळवून राहिली. शिवाय पेत्रिकचे प्राथमिक फेरीतले गुण नंतर वाढवले गेले, म्हणून तर बरोबरी झाली. हेही सांगा ना.

सरळरेघ
गुण वाढवले ते पंचांनी. त्याची शिक्षा पेत्रिकला का? विजयमंचावर राजकारण नको, हे माझं मत कायम. अमेरिकेचे कृष्णवर्णीय धावपटू स्मिथ आणि कार्लोस यांनी त्याच स्पर्धेत वंशभेदाविरुद्ध मूठ उंचावली तेव्हाही माझं म्हणणं हेच राहिलं असतं.

उंबरठा
स्मिथ-कार्लोसना अमेरिकेच्या पथकातून लगेच काढलं. चास्लाव्स्काला शिक्षा झाली ती मायदेशी, आणि ती वर्षानुवर्षं चालली. सही मागे घे, एवढंच सांगणं होतं. एमिल झातोपेकसारख्या धावपटूनेही अखेर माघार घेतली. त्याला दोष देत नाही, त्याचे हाल ऐकवत नाहीत. पण ही बाई नाहीच म्हणाली. परदेश प्रवास बंद, खेळाचं दार बंद. तिचं आत्मचरित्र मायदेशात छापायला नकार मिळाला. प्रशिक्षणाची मुभा सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कुठे मिळाली, आणि पुढे मेक्सिकोत शिकवायला जाता आलं.
सरळरेघ, विजयमंच राजकारणापासून लांब ठेवायचा तर तो सगळ्यांसाठी ठेवायला हवा. तिचा खेळ हिरावला तो सरकारने. तिने फक्त मान वळवली.

सरळरेघ
तिच्या पुढच्या वीस वर्षांबद्दल मला आदरच आहे. सही मागे न घेणं हे माझ्या लेखी मान वळवण्यापेक्षा कितीतरी मोठं. म्हणूनच म्हणतो, त्या फोटोला इतकं डोक्यावर घेऊ नका.

तालीमप्रेमी
इथे सरळरेघशी सहमत, कारण वेगळं असलं तरी. १९८९नंतर राष्ट्राध्यक्ष हावेलची सल्लागार, मग देशाच्या ऑलिंपिक समितीची अध्यक्ष, हे सगळं तिला मिळालं आणि ते योग्यच झालं. पण @उंबरठा, तुम्हीच लिहिलंत की सरकारने तिचा खेळ हिरावला. मग आपणही तिच्या खेळाबद्दल गप्प राहिलो तर त्या सरकारचंच काम पुढे नेतो की! मेक्सिकोत तिने फ्लोअरसाठी तिथलीच लोकप्रिय 'हॅट डान्स'ची धून निवडली आणि प्रेक्षक तिचे झाले. ही निवड एका कसलेल्या कलाकाराची होती. आणि व्हॉल्ट, म्हणजे घोड्यावरून मारायची उडी, बघा: प्राग १९६२, टोकियो १९६४, दॉर्टमुंड १९६६, मेक्सिको १९६८. दोन जागतिक स्पर्धा, दोन ऑलिंपिक, चारही वेळा सुवर्ण तिचंच. त्या उडीबद्दल कुणाला तपशीलात लिहिता येईल का?