जुनी फिशटँक घरी आणली तेव्हा – तुमचे अनुभव लिहा

पाणवेल
आज सकाळी जिन्याखाली एक रिकामी फिशटँक ठेवलेली दिसली. वरच्या मजल्यावरचे लोक घर सोडून चाललेत, "हवी असेल तर घेऊन जा" म्हणाले. काचेवर आतून ती पांढरी रेघ, जिथवर पाणी असायचं तिथवर. ती बघितली आणि थेट १५ वर्षं मागे गेले.

मुलगी तेव्हा ६ वर्षांची. ओळखीतून दोन फुटी टाकी मिळाली होती. संध्याकाळी आणली, भांड्याच्या साबणाने स्वच्छ घासली, नळाचं पाणी भरलं आणि जेवणं व्हायच्या आत सहा गप्पी सोडले. तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. आम्हाला वाटलं भूक लागलीय, म्हणून अजून खायला घातलं. आठव्या दिवशी एकही उरला नाही. शेवटचा मासा तळहातावर घेऊन तिने विचारलं, "आई, ह्याला आपलं घर आवडलं नाही का गं?" काय सांगणार होते मी. साबणाने गेले, क्लोरिनने की अमोनियाने, आज वाटतं तिन्हीने.

टाकी वर आणलीय. ३ फूट लांब, रुंदी-उंची दीड-दीड फूट. ह्या वेळी घाई करायची नाही असं ठरवलंय. जुनी टाकी घेताना तुम्ही काय बघितलंत, काय चुकलं, काय निभावलं, सगळं लिहा. लांबलचक लिहिलंत तरी चालेल, मी वाचणार आहे.

दुपारची_चहा
मुलीचं वाक्य वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे पण असंच झालं होतं, फक्त मासे सोनेरी होते. संध्याकाळी सविस्तर लिहिते, आत्ता कुकर लावलाय.

काचवाला
ताई, आधी वजन मोजा. तुमच्या मापाची टाकी काठोकाठ भरली तर १९० लिटर पाणी, म्हणजे नुसतं पाणीच १९० किलो. वर काच, खडे, स्टँड. साध्या टेबलावर ठेवू नका. स्टँड चारी बाजूंनी लेव्हलमध्ये आहे का बघा, आणि टाकीला खाली फ्रेम नसेल तर थर्माकोल किंवा फोमचा तुकडा घालाच. खाली एक बारीक खडा राहिला तरी सगळा भार त्या एका बिंदूवर येतो आणि तळाची काच तडकते. माझी अशीच गेली. रात्री दोनला आवाज आला, सकाळपर्यंत आम्ही पाणी उपसत होतो.
पाणी असलेली टाकी कधीही हलवू नका. दोन बोटं पाणी असलं तरी नाही. पाणी हिंदकळतं आणि काचांच्या जोडाची शिवण पिळवटते.

रातपाळी
गळतीची परीक्षा: खाली वर्तमानपत्र पसरायचं, टाकी भरायची, पाण्याच्या पातळीवर बाहेरून चिकटपट्टीची खूण करायची आणि ४८ तास हात लावायचा नाही. मी दोनदा जुनी टाकी घेतली, दोन्ही वेळा विकणारा म्हणाला होता "कालपर्यंत पाणी होतं हो ह्यात".  पण महिनोन्‌महिने कोरडी पडलेली टाकी आणि काल रिकामी केलेली टाकी ह्यात गळतीच्या बाबतीत फरक असतो. ती कधी रिकामी केली हे विचारा. पातळी थोडी उतरली तर घाबरू नका, हवेत उडतं तेवढं. कागद ओला झाला तर मात्र समजा.

मनीप्लँट
आमच्या रिकाम्या टाकीत मांजर झोपायला लागलंय. तीन आठवडे झाले. आता काढायचं कसं त्याला 😄

दुपारची_चहा
@मनीप्लँट फोटो टाका ना!!

शिवणकाम
काचा जोडायच्या सिलिकॉनबद्दल लिहितो, कारण ह्यात मी हात पोळून घेतलेत.

माझी टाकी मागच्या तळाच्या शिवणीतून झिरपत होती. थेंब नव्हता, नुसती ओल. मी आतून जुन्या सिलिकॉनवरच नवीन फिरवलं. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी परत कागद ओला. नवीन सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला धरतच नाही, हे मला एका काचकाम करणाऱ्या काकांनी सांगितलं. मग आतल्या चारी कोपऱ्यांचं आणि तळाचं सगळं खरवडून काढलं. दोन रात्री गेल्या. ब्लेडने मोठे पट्टे सहज निघतात, पण मागे सायीसारखा पातळ थर राहतो. समोरून काच स्वच्छ दिसते, बॅटरी तिरकी धरली की तो थर चमकतो. तो पूर्ण जाईपर्यंत खरवडणं थांबवायचं नाही. मग अ‍ॅसिटोनने पुसायचं आणि त्यानंतर त्या जागेला बोटसुद्धा लावायचं नाही.

दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मग एका दमात सिलिकॉनची धार, ओल्या बोटाने एकच हात फिरवायचा आणि ते धरायच्या आत टेप ओढून काढायची. परत परत फिरवलं की गुठळ्या होतात. व्हिनेगरसारखा वास येतो, तो वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरायचं नाही. माझ्या नळीवर २४ तास लिहिलं होतं, मी ७ दिवस थांबलो.

दोन गोष्टी अजून. बाथरूमसाठीचं बुरशी न धरणारं सिलिकॉन आणू नका, त्यातलं औषध माशांना घातक असतं. आणि दोन काचांच्या मधलं जे सिलिकॉन आहे, ते ठीक असेल तर त्याला ब्लेड लावू नका. टाकी त्याच्या जोरावर उभी असते. तेच सुटलं असेल तर काचा पूर्ण सोडवून पुन्हा जोडाव्या लागतात, ते घरी एकट्याने करायचं काम नाही.

रातपाळी
@शिवणकाम बॅटरी तिरकी धरायचं लाख मोलाचं. मी हे तीन वर्षांपूर्वी वाचायला हवं होतं.

गोगलगाय_घर
पांढऱ्या रेघेसाठी व्हिनेगर. ते क्षार असतात, कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात विरघळतात. टाकी आडवी करून रेघेवर व्हिनेगरमध्ये भिजवलेला कपडा अर्धा तास ठेवायचा, मग ओल्या काचेवर ब्लेड तिरकं धरून हळूच. माझी रेघ दोन खेपांत निघाली, ब्लेडखालून पापुद्रे सुटताना इतकं बरं वाटतं! पण काच आहे ना खात्री करा. अ‍ॅक्रिलिक, म्हणजे काचेसारखं दिसणारं प्लास्टिक असेल तर ब्लेड लावलं की कायमचे ओरखडे.

पाणवेल
कसं ओळखायचं?

गोगलगाय_घर
टिचकी मारा. काच खणकन वाजते, अ‍ॅक्रिलिक बद्द. हातालाही काच गार लागते.

पाणवेल
खणकन वाजली 🙂

आता_लिहिते
व्हिनेगरचा विषय निघालाय म्हणून कळकळीने सांगते. मी टाकी व्हिनेगरने पुसली आणि निर्जंतुक करायची म्हणून लगेच वरून ब्लीच ओतलं. बाथरूमचं दार बंद. त्यातून क्लोरिन वायू निघतो हे माहीतच नव्हतं. छाती आवळली, डोळ्यांतून धारा, नवऱ्याने हात धरून बाहेर ओढलं. दोन दिवस खोकत होते. दोन्हीपैकी एक वापरा. दोन्ही वापरायचंच असेल तर मध्ये टाकी भरपूर पाण्याने धुऊन वेगळ्या दिवशी, आणि खिडकी उघडी. ब्लीच वापरलं तर शेवटी क्लोरिन मारणारं औषध घालून धुवा, वास गेला म्हणजे क्लोरिन गेलं असं नसतं.

दुपारची_चहा
बाप रे. आता बऱ्या आहात ना ताई?

आता_लिहिते
हो गं, झाली त्याला ४ वर्षं. टाकी अजून आहे, त्यात आता एकच फायटर मासा आहे आणि तो माझ्याकडे बघून पिसारा फुलवतो.

झिंगा
आधीच्या मालकाला एक प्रश्न नक्की विचारा: माशांना औषध कुठलं घातलं होतं? मला टाकीबरोबर खडेही मिळाले होते. छान होते, धुऊन तेच वापरले. मासे मजेत. मग हौसेने छोटे झिंगे सोडले, सकाळी बघतो तर सगळे आडवे. गोगलगाईही गेल्या. आधीच्या घरी तांब्याचं औषध वापरलं होतं. ते खड्यांत मुरून राहतं आणि हळूहळू पाण्यात सुटतं. माशांना चाललं, झिंग्यांना नाही. तेव्हापासून जुने खडे आणि शोभेचे दगड मी घेत नाही.

काचवाला
जुन्या खड्यांना कुजका, अंड्यासारखा वास येत असेल तर तर नकोच.

जुनं_ते
थोडं वेगळं लिहितो. माझ्या वडिलांकडे लोखंडी चौकटीची टाकी होती, काचा लांबी (पुटी) भरून बसवलेल्या. सिलिकॉनने जोडलेल्या टाक्या नंतर आल्या. ती टाकी सतत भरलेली ठेवावी लागायची, कारण लांबी वाळली की तडे जाऊन गळायला लागायची. वडील कुठे बाहेरगावी गेले तरी शेजाऱ्यांना पाणी घालायला सांगून जात. मासे नसताना देखील! त्यांच्या जाण्यानंतर ती सहा महिने कोरडी राहिली आणि मग कधीच पाणी धरलं नाही. अजून गच्चीत आहे, आत तुळस लावलीय.
ह्या काचेच्या टाक्यांचा इतिहासही छान आहे. १८३२ साली झान विलप्रू-पॉवर ह्या बाईंनी सिसिलीत आर्गोनॉट ह्या अष्टपादाच्या जातभाईचा अभ्यास करायला काचेच्या टाक्या बनवून घेतल्या. तो आपला शिंपला स्वतः बनवतो, दुसऱ्याचा चोरत नाही, हे त्यांनी त्यात ठेवून पाहून सिद्ध केलं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना बघायला मत्स्यालय उघडलं ते १८५३ मध्ये, म्हणजे २१ वर्षांनी.

मनीप्लँट
@जुनं_ते तुळशीचं वाचून काय वाटलं सांगता येत नाही.

पाच_आठवडे
पाणवेलताई, तुमचे गप्पी कशाने गेले ह्यावर लिहिते. वर येऊन तोंड उघडझाप म्हणजे कल्ले काम करत नव्हते. नव्या पाण्यात माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया साठतो. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट बरंच सोसतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात, खड्यांवर वस्ती करतात आणि ती जमायला ४ ते ६ आठवडे लागतात. घासून पुसून कोरडी केलेली जुनी टाकी ह्या बाबतीत अगदी नवीच असते. जास्तीचं खाणं घातलंत त्याने अमोनिया वाढला असणार, पण ते प्रेमाने घातलं होतं हो, मनाला लावून घेऊ नका.

मी मासे न सोडता थोडा थोडा अमोनिया घालून रोज संध्याकाळी तपासायचे आणि वहीत लिहायचे. १९ व्या दिवशी नायट्राइट तपासायची नळी गडद जांभळी झाली, ती दोन आठवडे तशीच. रोज वाटायचं आज उतरेल. ३४ व्या दिवशी नळी निळी, म्हणजे शून्य. मी स्वयंपाकघरात नाचले. अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येतात तेव्हाच मासे आणा, तेही दोन-तीन.

वरच्या मजल्यावरच्यांकडे फिल्टर चालू आहे का अजून? असेल तर त्याचा स्पंज टाकीच्याच पाण्यात ओला ठेवून आणा, नळाखाली धुऊ नका. वाळला तर वस्ती मेली.

पाणवेल
फिल्टर आहे, पण गेल्या महिन्यापासून माळ्यावर. वाळलेला 😔 म्हणजे शून्यापासून.

पाच_आठवडे
काही हरकत नाही. कुणाकडे तब्येतीने बऱ्या माशांची चालू टाकी असेल तर त्यांच्या स्पंजाचा तुकडा मागा.

नळाचं_पाणी
नळाचं पाणी २४ तास उघडं ठेवलं की क्लोरिन उडतं, पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरिन आणि अमोनियाचं संयुग) घालत असतील तर ते उडत नाही. औषधच घालावं लागतं. आमच्याकडे हे कळेपर्यंत तीन खेपा मासे गेले.

आता_लिहिते
आणि हातावर जखम असेल तर टाकी घासताना मोजे घाला. माझ्या भाच्याच्या बोटावर गाठ आली होती, बरी व्हायला काही महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. माशांच्या पाण्यातला क्षयाच्या जंतूंचा नातेवाईक निघाला. टाकी घासली होती हे डॉक्टरांना आपणहून सांगावं लागतं, त्यांच्या लक्षात येतंच असं नाही.

पाणवेल
काल रात्री ९ ला भरली. सकाळी उठून बघते तर कागदाचा डावा कोपरा ओला. धस्स झालं. @शिवणकाम दादा, हीच का ती ओल?

शिवणकाम
भरताना सांडलं असेल. कागद बदला, टाकीच्या कडा फडक्याने कोरड्या करा, परत बघा. शिवण गळत असेल तर दोन-तीन तासांत परत उमटेल.

पाणवेल
बदलला. चार तास झाले, कोरडा. मग्गाने ओतताना त्याच बाजूने ओतत होते, आता आठवलं.
मुलीला फोटो पाठवला. ती आता दुसऱ्या गावी असते. आधी काही बोललीच नाही, मग विचारलं, "मासे कधी?" म्हटलं, निदान पाच आठवडे तरी नाही. म्हणाली, मी रजा टाकते.

मनीप्लँट
वा! झाकण आहे का टाकीला? मासे उडी मारतात, आणि मांजर असेल तर विचारूच नका.

पाणवेल
झाकण नाहीये. आत्ता माप घेते.