मदत हवी आहे: २० टक्के रॅप टाकला की मिक्समध्ये ढेकळं येताहेत

खडी_डांबर
वेअरिंग कोर्स (रस्त्याचा सगळ्यात वरचा थर), ४० मिमी. डिझाईन डांबर ५.३ टक्के, मिक्समध्ये २० टक्के रॅप (जुना रस्ता मशीनने खरवडून, म्हणजे मिलिंग करून, निघालेला डांबरी माल). रॅपशिवाय मिक्स एकदम व्यवस्थित येतं. रॅप सुरू केला की डिस्चार्ज (बाहेर पडणाऱ्या मिक्सचं तापमान) १२५ अंशांच्या आसपास घसरतो, सुपारीएवढी तपकिरी ढेकळं दिसतात आणि पेव्हरच्या स्क्रीडखाली (थर सपाट करणाऱ्या पट्टीखाली) ओढली जाऊन मॅटवर (टाकलेल्या थरावर) चरे उमटतात. डांबर ०.२ टक्के वाढवून पाहिलं, काही फरक नाही. उद्या परत लेइंग (थर टाकण्याचं काम) आहे. नेमकं काय बदलायचं तेवढं सांगा. ‘रॅप बंद करा’ हे उत्तर नको.

लॅबवाला
प्लांट बॅच (एकेक घाणा) आहे की ड्रम (सलग)? रॅप कुठून आत जातो? हॉट बिनमधली (गरम खडीच्या कप्प्यातली) खडी किती तापमानाला आहे? रॅपचा ओलावा किती? मिलिंगचा माल चाळलाय की तसाच टाकताय? यातलं एकही न कळता काय सांगणार?

फोम_समर्थक
गरम मिक्समध्ये रॅप घालायचा अट्टहासच कशाला? जागेवरच कोल्ड रिसायकलिंग करा. जुना रस्ता १५० मिमीपर्यंत मिल करायचा, २ ते ३ टक्के फोम्ड बिटुमेन (पाणी मारून फेसाळलेलं डांबर), १ टक्का सिमेंट, आणि ग्रेडरने लेव्हल करून रोलिंग. डांबर १६० ते १८० अंशांना, फोमसाठी डांबराच्या २ ते ३ टक्के पाणी. माल तापवायचाच नाही, म्हणजे ढेकळांचा प्रश्नच येत नाही.

ग्रेड_बदला
ढेकळं म्हणजे जुनं डांबर कडक झालंय. रिजुव्हिनेटर (जुनं डांबर मऊ करणारं द्रव्य) घाला, किंवा नवं डांबर एक ग्रेड मऊ घ्या. १५ टक्क्यांपर्यंत रॅप असेल तर ग्रेड तीच चालते, १५ ते २५ मध्ये एक ग्रेड मऊ, त्यापुढे ब्लेंडिंग चार्ट (जुनं-नवं डांबर मिसळण्याचा तक्ता). तुम्ही २० वर आहात.

खडी_डांबर
बॅच प्लांट, १ टनाची बॅच. रॅप थंडच, बेल्टने वे हॉपरमध्ये (वजनाच्या टाकीत), सगळ्यात शेवटी. खडी १९० अंश. माल मिलिंगचा, तसाच. ओलावा मोजला नाही; ढीग ताडपत्रीखाली आहे, कोरडाच असणार.

लॅबवाला
ताडपत्रीखालचा ढीग कोरडा नसतो. खालून वाफ निघते, ताडपत्रीला आतून थेंब धरतात आणि पाणी परत मालात उतरतं. ताडपत्री काढून टाका. वर छप्पर, चारही बाजूंनी हवा मोकळी, खाली उताराची पक्की फरशी, असा रॅप ठेवावा लागतो. तोवर ढीग उंच, शंकूसारखा ठेवा आणि त्यावर लोडर चढवू नका, दाबून माल गच्च बसतो.

ओलावा आत्ताच मोजा. वरचा २० सेंमीचा थर बाजूला करून, जिथून लोडर भरतो त्या तोंडाचा माल घ्या. १०५ ते ११० अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत. तव्यावर उघड्या आचेने करू नका, डांबरच धुरावेल आणि आकडा खोटा येईल.

आणि एक ढेकूळ फोडून बघा. आत राखाडी, किंचित ओलसर आणि जुन्या धुळीचा थर असेल तर तो रॅप वितळलेलाच नाही. अशा वेळी ग्रेड कितीही मऊ घ्या, नवं डांबर ढेकळाच्या बाहेरच राहणार.

ग्रेड_बदला
नियम नियम असतो. २० टक्के म्हणजे एक ग्रेड मऊ.

लॅबवाला
तो नियम मिक्स डिझाईनचा आहे, तिथे पाळायलाच हवा. पण वजनाच्या टक्क्यापेक्षा डांबराची जागा किती घेतली हे बघणं जास्त बरोबर. रॅपमध्ये ४.५ टक्के डांबर धरलं तर २० टक्के रॅपमधून ०.९ टक्के येतं, म्हणजे ५.३ पैकी १७ टक्के. आणि हा सगळा हिशेब जुनं डांबर वितळून नव्यात मिसळलं तरच खरा. इथे ते वितळतच नाही.

खडी_डांबर
ओले १५०० ग्रॅम, कोरडे १४२२. ढेकूळ फोडलं, आत ओलसर राखाडीच आहे.

बॅच_ऑपरेटर
म्हणजे ५.५ टक्के. २०० किलो रॅपमागे १० किलोच्या वर पाणी. ते काही सेकंदांत उकळलं की १५ घनमीटरहून जास्त वाफ पग मिलमध्ये (मिक्सरमध्ये). तुमची सगळी उष्णता तिथेच खर्ची पडते. मोजायला सोपं आहे: खडी आणि रॅपची उष्माधारकता ०.९२ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश, रॅप ३० अंशांवरून तापवायचा, पाणी उकळवायचं. १९० ची खडी घेतली तर मिक्स १२५ च्या खालीच जातं, तुम्हाला दिसतंय तेच. १५० हवे असतील तर खडी २२२ लागेल, वर उष्णतेची गळती वेगळी. तेवढं तापवू नका.

उद्यासाठी रॅप १० टक्के करा. याच ओलाव्याला खडी १८२ पुरते, गळती धरून १९०. बर्नरला हातच लावायचा नाही. २० वर जायचं तर ओलावा २ टक्क्यांवर आणा, मग २०० ते २०५ मध्ये काम होतं.

दुसरं, वे हॉपरमधला क्रम. रॅप शेवटी पडला की वरच बसतो, पग मिलमध्ये उशिरा उतरतो. आधी जाड खडी, मग रॅप, मग बाकीची खडी. त्यानंतर कोरडं मिक्सिंग १० ते १५ सेकंद, मगच डांबर. हे सेकंद वाचवायला गेलात तर २०० अंशांची उघडी खडी नव्या डांबराला भिडते आणि नवं डांबर तिथेच जळतं.

लॅबवाला
वाढवलेलं ०.२ टक्के आधी काढा. रॅप नीट वितळू लागला की तेच डांबर वर येऊन रस्ता चकाकेल. बॅचचा हिशेब: एकूण डांबर ५३ किलो. १०० किलो रॅपमधून ४.५ किलो, नवं ४८.५, नवी खडी ८५१. २० टक्क्यांना नवं ४४ होतं, तो आकडा पॅनेलवर तसाच राहू देऊ नका. ग्रेडिंगही बदलतं. मिलिंगमध्ये खडी फुटून ७५ मायक्रॉनखालचा माल वाढलेला असतो, रॅप निम्मा केला की ती धूळ कमी पडते. १० टक्क्यांचं जॉब मिक्स (कामासाठी ठरवलेलं मिश्रणाचं प्रमाण) मंजूर आहे ना, ते बघा. नसेल तर उद्या लेइंग करू नका.

फोम_समर्थक
एवढ्या कटकटीपेक्षा फोम.

बॅच_ऑपरेटर
त्यांना ४० मिमीचा वरचा थर टाकायचाय. फोमचा थर बेसचा, त्यावर गरम मिक्सचं वेअरिंग कोर्स लागतंच. हा प्रश्न तिथेही उभा राहील.

नवा_सभासद
अंगणात नुसता रॅप पसरून रोलर फिरवला तर चालतो का?

लॅबवाला
चालतो, १०० मिमीचा थर, उन्हात, थोडं पाणी मारून. अवजड गाड्यांसाठी नाही. यासाठी वेगळा धागा काढा.

खडी_डांबर
१० टक्क्यांचं मिक्स मंजूर आहे. तसंच चालवलं, डिस्चार्ज १४८, ढेकळं नगण्य. पण रॅप पडला की वे हॉपरचा काटा मागेपुढे नाचतो, वजन धरायचं कसं?

बॅच_ऑपरेटर
वाफ वर ढकलते, लोडसेल (वजनाचा सेन्सर) हलका दाखवतो. रॅपचं वजन गरम खडीवर पडण्याआधी बेल्टवरच्या वेगळ्या हॉपरमध्ये करा. पग मिलला वाफेसाठी वेगळा पाइप काढा आणि त्यात ओढ ठेवा. तो बॅग हाऊसला (धूळ गाळणाऱ्या पिशव्यांच्या युनिटला) जोडणार असाल तर गरम हवेच्या डक्टमध्ये जोडा. थंड बाजूला जोडलात तर पाणी होऊन बॅगेवर धुळीचा चिखल बसतो.

उरलेल्या ढेकळांसाठी मिलिंगचा माल १२ मिमीच्या जाळीवर चाळा, वर राहिलेला परत फोडा. जमलं तर ५ मिमीखालचा माल वेगळा ठेवा. पाणी आणि डांबर दोन्ही जास्त त्यातच असतं, त्यामुळे ओलावा दोन्ही ढिगांचा वेगळा मोजा, रोज सकाळी, आणि पाऊस झाला तर दुपारी परत.