मदत हवी आहे: बुरशी आलेल्या व्हीएचएस कॅसेट आणि एक बीटामॅक्स

नमस्कार मंडळी,

चिपळूणच्या घराचा माळा आवरताना बाबांनी जपलेल्या व्हिडिओ कॅसेटची पेटी मिळाली. बहुतेक व्हीएचएस, ई-१८० म्हणजे तीन तासवाल्या, थोड्या व्हीएचएस-सी म्हणजे व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या छोट्या कॅसेट, आणि एक बीटामॅक्स म्हणजे सोनीची वेगळ्या मशीनवर चालणारी, आतोबा कुवेतहून मशीनसकट घेऊन आले होते ती. २०२१ च्या पुरात खालचं सामान गेलं, ह्या माळ्यावर होत्या म्हणून राहिल्या, पण कोकणातली दमट हवा कुठे सोडते, कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर रिळावर पांढरी बुरशी दिसतेय.

मला सगळ्यात आधी हवी आहे ती १९८८ ची, काकाच्या लग्नाची. त्यात घाणा भरताना आजी ओव्या म्हणते. तिचे फोटो भरपूर आहेत, पण आवाज फक्त ह्या एका कॅसेटमध्ये आहे.

तेव्हा वाडीत वर्गणी काढून व्हीसीआर आणि कलर टीव्ही रात्रभराच्या भाड्याने आणायचे, पहाटेपर्यंत तीन पिक्चर, चित्रावर रेघा आल्या की कोणीतरी उठून ट्रॅकिंगचं बटण फिरवायचं, टेप वाचणाऱ्या हेडमध्ये कचरा गेला तर कोऱ्या करकरीत नोटेने पुसायचं, आणि लहान पोरं पहिल्या पिक्चरलाच झोपायची. फार छान दिवस होते ते. त्या मशीनचा कॅसेट आत ओढून घेतानाचा आवाज मला अजून जसाच्या तसा आठवतो.

आता अडचण सांगतो. एका दुकानात विचारलं तर म्हणाले, द्या, लावून बघतो. माझं धाडस होत नाही, कारण बुरशीवाली टेप तशीच चालवली तर पट्टी चिकटून तुटू शकते, शिवाय बुरशी हेडला लागून पुढच्या कॅसेटमध्ये जाते. कॅसेट उघडून, टेप हाताने साफ करून, रिळं दुसऱ्या चांगल्या डब्यात बसवून मग कॉपी करणारं पुण्या-मुंबईत कोणी माहितीय का? स्वतः अनुभव घेतलेलं नाव सांगा, म्हणजे मी कुरियर न करता स्वतः घेऊन जाईन.

नवीन मशीन तर मिळणारच नाही, जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, सोनीने त्याच वर्षी मार्चमध्ये बीटामॅक्सच्या कॅसेटही बंद केल्या. अमेरिकेतली बहीण तिचा चालू व्हीसीआर पाठवते म्हणाली, पण तो एनटीएससी म्हणजे अमेरिकेतल्या व्हिडिओ पद्धतीचा, आपल्या कॅसेट पाल म्हणजे भारतातल्या पद्धतीच्या, त्यामुळे उपयोग नाही. कोणाकडे चालू स्थितीतला पाल व्हीसीआर असेल, एस-व्हीएचएस (जास्त स्पष्ट चित्र देणारा) असेल तर उत्तमच, तर विकत किंवा भाड्याने घ्यायची तयारी आहे. व्हीएचएस-सी लावायचा ॲडॉप्टरही हवाय. बीटामॅक्सचं मशीन अजून कोणी जपून ठेवलंय का?

आणि अजून एक, कॉम्प्युटरवर घेताना टाइम बेस करेक्टर (टेपवरच्या चित्राचा हलता सिग्नल स्थिर करणारं उपकरण) लावल्याने खरंच फरक पडतो का? चित्राचा वरचा भाग वाकडा होतो तो त्याने सरळ होतो असं वाचलंय. ज्यांनी घरच्या कॅसेटवर वापरलाय त्यांनी कोणता घेतला तेही सांगा प्लीज.