शब्दचर्चा: खेळातल्या लिलावात ‘बोली’ कुठली आणि ‘मागणी’ कुठली?

विचारणा

२००५ साली आलेल्या ‘गिल्ड वॉर्स’ या ऑनलाइन संगणक-खेळाचं स्वतःचं लिलावघर नव्हतं. दुर्मिळ तलवार किंवा ढाल हाती लागली की खेळाडू स्वतःच लिलाव पुकारत. वस्तूचं चित्र, सुरुवातीची बोली, किमान वाढ, थेट घेण्याचा भाव आणि मुदत एवढं लिहायचं, की खाली आकडे चढायला लागत. अशा व्यवहारांचे रीतिरिवाज मी नव्या खेळाडूंसाठी मराठीत लिहिते आहे. सोबत ‘डायब्लो २’ हा खेळही घेतला आहे. तिथे लोक ‘सी/ओ’ लिहितात, म्हणजे करंट ऑफर. मी आधी ‘सध्याची बोली’ लिहिलं, पण ते खटकतंय. ऑफर देणारा नंतर नाही म्हणाला की निम्मे लोक त्याला लबाड ठरवतात आणि निम्मे म्हणतात, त्याने नुसता अंदाज घेतला होता. मराठीत हे दोन अर्थ वेगळे दाखवता येतील का?

प्रतिसाद

येतील. ‘मागणी’ लिहा. आमच्याकडे सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात खिल्लार खोंडाला ‘सत्तर हजाराला मागणी आलीय’ म्हणतात. मागणारा अजून बांधलेला नसतो, विकणाराही नसतो. दोघंही मागे फिरू शकतात. ‘सी/ओ’ नेमकं हेच आहे.

‘बोली’ची गोष्ट निराळी. ‘या बोलीवर जमीन कसायला दिली’, ‘ठरल्या बोलीप्रमाणे पैसे द्या’ या वाक्यांत बोली म्हणजे कबुली, करार. लिलावात आकडा बोललात म्हणजे शब्द दिलात. म्हणून चढत्या आकड्यांच्या लिलावात ‘बोली’च हवी, आणि तिथे ती फिरवणाऱ्याला लोकांनी जाब विचारला तर ते रास्तच आहे.

प्रतिसाद

मागणी म्हटलं की पुरवठा आठवतो, आणि लग्नाची मागणीही. तरी मला शब्द पटला. ‘मागणी आली’ आणि ‘मागणी वाढली’ यांत वाचक गोंधळत नाही.

यात आणखी एक दाखला घाला. १९९९च्या ‘एव्हरक्वेस्ट’ या ऑनलाइन खेळात ईस्ट कॉमनलँड्स या भागातल्या बोगद्यात खेळाडू जमून माल विकत, आणि त्यासाठीच्या संदेशवाहिनीचं नावच ‘ऑक्शन’ होतं. पण तिथे चालायचं ते बहुतेक ‘हे विकायचंय, ते हवंय’ असं ओरडणं. ते भाषांतरात ‘लिलाव’ झालं तर अर्थाचा अनर्थ होईल. ‘विक्रीची हाक’ बरं.

प्रतिसाद

बोली फिरवण्याबद्दल कायद्याच्या बाजूने एक भर. भारताच्या १९३०च्या मालविक्री कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे हातोडा पडेपर्यंत, किंवा रूढ पद्धतीने लिलाव संपल्याचं जाहीर होईपर्यंत, बोलणाऱ्याला बोली मागे घेता येते. खेळाडूंचा रिवाज याहून कडक आहे आणि तो तसा का, हे नियमांत लिहायलाच हवं. बाजारात लिलाव काही मिनिटांत सुटतो. इथे तो दिवसचे दिवस चालतो. मधली एक बोली गळाली की तिच्यावर चढलेल्या सगळ्या बोल्या लटकतात. ज्याने तिच्यामुळे आपला आकडा वाढवला त्याने काय करायचं? भांडण इथूनच सुरू होतं.

त्याच कलमात दुसरी बाबही आहे. आधी तसं जाहीर केलेलं नसेल तर विकणाऱ्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावणं बेकायदा आहे, आणि घेणारा अशा विक्रीला फसवणूक मानू शकतो. खेळात मित्राच्या किंवा आपल्याच दुसऱ्या खात्यावरून भाव चढवणारे असतातच. त्याला ‘बनावट बोली’ म्हणा. ‘खोटी बोली’ म्हटलं तर घ्यायची ऐपत नसताना बोललेली बोलीही त्यात येते. हे दोन गुन्हे वेगळे ठेवा.

प्रतिसाद

गोव्यात देवळातल्या फळा-नारळांच्या लिलावाला ‘पावणी’ म्हणतात. ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीज ‘लेलांव’वरून आलेला, तरी आम्ही ‘पावणी’च म्हणतो. तुमच्या यादीत ‘लिलाव’च राहू द्या, सगळ्यांना कळतो. पण गावच्या पावणीत जो बोलतो तो सगळ्यांसमोर बोलतो, म्हणून शब्द फिरवणं अवघड जातं. खेळात टोपणनावामागे तो धाक कमी असतो.

मूळ विचारणा करणारी

‘मागणी’ घेतली, ‘बनावट बोली’ही. खूप आभार.

आता एक्टोचा तिढा. ‘गिल्ड वॉर्स’मध्ये एका व्यवहारात १०० प्लॅटिनमहून (प्लॅटिनम हे तिथलं मोठं नाणं) जास्त नाणी देता येत नसत. त्यामुळे महाग वस्तूंची बोली ‘१०० आणि वर ३० एक्टो’ अशी लागायची. एक्टो म्हणजे एक्टोप्लाझमचे गोळे, नाण्यांसारखी चालणारी खेळातली एक वस्तू. त्यांचा भाव खेळातल्या व्यापाऱ्याकडे खरेदी-विक्रीप्रमाणे रोज हलायचा. एकाने नुसते एक्टो बोलले आणि दुसऱ्याने नाणी अधिक एक्टो, तर वरची बोली कोणती? विक्रेत्याने सुरुवातीलाच ‘एक एक्टो इतक्याला धरला आहे’ असं लिहिलं नसेल तर दोघंही स्वतःला जिंकलेले समजतात. या धरलेल्या भावाला काय म्हणू?

प्रतिसाद

‘धरलेला भाव’च म्हणा, तुम्ही आत्ता सहज बोललात तोच. आणि नियमात लिहा की लिलाव चालू असताना विक्रेत्याने तो बदलायचा नाही.

राहिलं ‘स्नायपिंग’. मुदत संपता संपता शेवटच्या मिनिटाला बोली टाकणं, याला ‘ऐनवेळची बोली’ म्हणू, पण यादीत ती गैरवर्तनाखाली घालू नका. जाहीर मुदतीच्या आत बोललेली बोली ती बोलीच. रात्री झोपल्यामुळे वस्तू हुकलेल्याची हळहळ मला कळते. त्यावर ‘शेवटच्या बोलीनंतर २४ तासांनी लिलाव सुटेल’ अशी अट घालणारे विक्रेते होतेच. अट विक्रेत्याने आधी घालायची. नंतर घेणाऱ्याला चोर म्हणायचं नाही.