टॉप क्वार्कचं एन्टँगलमेंट: ही कसोटी म्हणायची का?

धागाकर्ता: सर्नच्या अ‍ॅटलास गटाने सप्टेंबर २०२३ मध्ये टॉप क्वार्क (सर्वांत जड मूलकण) आणि त्याचा प्रतिकण एन्टँगल्ड, म्हणजे एकाची अवस्था दुसऱ्यापासून वेगळी सांगता येणार नाही असे गुंतलेले, असल्याचं जाहीर केलं, वर्षभराने निबंध ‘नेचर’मध्ये आला. मोजमाप अफाट कष्टाचं आहे, पण ‘क्वांटम सिद्धांताची कसोटी’ हे वर्णन मला पटत नाही. १९८२ मध्ये अ‍ॅलँ आस्पे यांच्या प्रयोगात एन्टँगल्ड फोटॉन (प्रकाशकण) वाटेत असतानाच मोजणीची दिशा बदलली जात होती. कोलायडरमध्ये (कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रात) टॉप स्वतःच फुटतो. कुठल्या दिशेने मोजायचं हे ठरवणं आपल्या हातात नाही. त्यातून बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉन आणि म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) यांवरून टॉपचा स्पिन, म्हणजे फिरकीसारखा अंगभूत गुण, काढतो, तेही क्वांटम सिद्धांत वापरूनच!

प्रतिसाद १: बेलची असमानता (एका जागच्या कृतीचा दूर तत्क्षणी परिणाम होत नाही असं मानणाऱ्या ‘स्थानिक’ सिद्धांतांवरची मर्यादा) मोडली असा दावा केलाय कुणी? निबंधाच्या शीर्षकातही ‘निरीक्षण’च आहे. टॉप साधारण ५×१०⁻²⁵ सेकंदांत फुटतो, इतर क्वार्कांसारखा हॅड्रॉनमध्ये (प्रोटॉनसारख्या, क्वार्कांनी बनलेल्या कणात) बांधला जायच्या आत. म्हणून त्याचा स्पिन पुसला जात नाही, इलेक्ट्रॉन-म्युऑनच्या दिशांत उतरतो. दोघांच्या दिशा आपापल्या टॉपच्या स्थिर चौकटीत (जिथून तो टॉप थांबलेला दिसेल अशा) नेऊन ठेवायच्या, त्यांच्यातल्या कोनाच्या कोसाइनची सरासरी काढायची आणि तिला उणे ३ ने गुणायचं. हा आकडा ‘डी’. जोडी एन्टँगल्ड नसेल तर तो उणे १/३ च्या खाली जाऊच शकत नाही. टॉप आणि प्रति-टॉपच्या जोडीचं वस्तुमान ३४० ते ३८० जीईव्ही (कणभौतिकीतलं ऊर्जेचं एकक) असताना मिळाला −०.५३७. मोजमाप टॉपऐवजी त्यातून निघालेल्या कणांच्या पातळीवर होतं, तिथे ही सीमा होती −०.३२२. आकडा सीमेच्या वरही येऊ शकला असता. हरण्याची शक्यता होती, म्हणजे कसोटीच झाली की.

प्रतिसाद २: मी धागाकर्त्याच्या बाजूने. एबल, डिटमार आणि ड्रायनर यांनी १९९२ मध्येच दाखवलं होतं की कोलायडरमध्ये आपण कणांचे संवेगच मोजतो, आणि तेवढ्या नोंदींना लागू पडेल असं लपलेल्या चलांचं (निकाल कणांत आधीच ठरलेले असतात असं मानणारं) स्थानिक मॉडेल नेहमीच रचता येतं. ही भिंत जास्त डेटा घेतल्याने पडत नाही.

प्रतिसाद १: स्थानिकतेपुरतं मान्य. पण संगणकावरच्या सिम्युलेशनचा ‘डी’साठी अंदाज −०.४७० होता, मापन त्याहून खाली गेलं. जोडी जेमतेम तयार होते त्या उंबरठ्यावर आपलं मॉडेल अपुरं आहे, हे या आकड्यानेच दाखवलं. २०२५ मध्ये सीएमएसने (सर्नमधल्याच दुसऱ्या गटाने) तिथेच टॉपोनियमशी (टॉप आणि प्रति-टॉपच्या क्षणभर बांधलेल्या जोडीशी) जुळणाऱ्या जादा घटना नोंदवल्या. सिद्धांत आधीच गृहीत धरला होता म्हणता, मग ही तफावत आली कुठून?

धागाकर्ता: तफावत सिम्युलेशनमधली आहे, क्वांटम यांत्रिकीतली नव्हे. टॉपोनियमचा मुद्दा मात्र मला महत्त्वाचा वाटतो, त्यावर आणखी लिहा.